सत्तेचाळीस पूर्णांक दोन

युरोपात घरोघरी येणाऱ्या विजेची वारंवारता सेकंदाला पन्नास आवर्तने, म्हणजे पन्नास हर्ट्झ असते. जुन्या, स्वस्त उपकरणांवर केलेल्या ध्वनिमुद्रणात ही वीज आपली मंद गुणगुण सोडून जाते. कानाला ती सहसा कळत नाही, पण आलेख काढला की सुळक्यासारखी उभी दिसते. सुळका पन्नासवर असेल तर फीत योग्य वेगाने फिरली आहे. नसेल, तर वेग किती चुकला हे साध्या भागाकाराने निघते. मोटारींच्या आवाजाचे मोजमाप हा माझा व्यवसाय असल्याने या युक्तीचे मला कधी अप्रूप वाटले नाही. हे लिहिण्याचे कारण एवढेच, की ती मी एकदा उज्ज्वल खोब्रागडे याच्यावर वापरली. आकडा बरोबर होता. मोजणी अपुरी होती.

उज्ज्वल आणि मी पुण्यात एम.एस्सी.ला एकाच वसतिगृहात होतो. तो रसायनशास्त्राचा, मी भौतिकशास्त्राचा. दर शनिवारी वाचनालयात कोणीतरी आपले काम मांडत असे आणि तेथे एक अलिखित नियम होता. पहिला प्रश्न वक्त्याच्या सर्वांत जवळच्या मित्राने विचारायचा, आणि तो सर्वांत कठीण असला पाहिजे. आधी सांगायचा नाही. सोपा प्रश्न विचारणे म्हणजे मित्राला कमी लेखणे, असे आम्ही मानत होतो. वक्ता अडला तर विचारणाऱ्याने त्याला चहा पाजायचा. दोन वर्षांत उज्ज्वलने मला अकरा वेळा अडवले, मी त्याला नऊ वेळा.

पुढे नोकऱ्यांनी आम्हा दोघांनाही ऱ्हाइनकाठी आणले. तो लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यात पॉलिमरवर काम करू लागला, मी नदीच्या पलीकडे मानहाइममध्ये. २०११च्या फेब्रुवारीत त्याचे वडील, यादवराव, वारले. चंद्रपूरजवळच्या एका कोळसाखाणीत एकतीस वर्षे त्यांनी पाळणा चालवला होता. माणसे खाली सोडायची, पाळी संपली की वर घ्यायची. उज्ज्वल चौथ्या दिवशी पोहोचला. परतल्यावर महिनाभराने, एका शनिवारी फ्लोमार्क्टमध्ये जुन्या वस्तू चाळताना त्याला एक काळी कॅसेट दिसली. वेष्टनावर खाणीच्या मनोऱ्याचे आणि त्यावरच्या मोठ्या चाकाचे हाताने काढलेले चित्र होते. संगीताची त्याला काहीच कल्पना नव्हती. त्याने ती चित्रासाठी घेतली.

कॅसेट ‘प्वी सेत’ या फ्रेंच ब्लॅक मेटल बँडची होती. नावाचा अर्थ खाणीची सातवी विहीर. ब्लॅक मेटल म्हणजे अखंड खरखरणारी गिटार, घसा फाडून काढलेला आवाज, श्वास घेऊ न देणारे ड्रम आणि मुद्दाम निकृष्ट ठेवलेले ध्वनिमुद्रण. मला ते कपडे धुण्याच्या यंत्रात खडी टाकल्यासारखे वाटते. उज्ज्वलला पहिल्या दिवशी तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी वाटले नाही. या संगीताच्या काही शाखांत वंशश्रेष्ठत्वाचे विष आहे, म्हणून त्याने सर्वांत आधी तेच तपासले. सहा महिने जुनी मासिके, पत्रके, मुलाखती वाचून ही मंडळी त्यातली नाहीत अशी खात्री झाल्यावरच तो पुढे गेला. तो तसाच होता. संशय घेण्यात तो माझ्याहून कमी नव्हता.

बारा वर्षांत त्याने या बँडचा इतिहास लिहिला, जर्मनमध्ये, सुट्टीच्या दिवशी. एतिएन आणि ल्यूक हे दोघे भाऊ, लोरेनमधल्या खाणीच्या गावातले. १९९३ साली गावातली सातवी विहीर बंद झाली आणि त्याच वर्षी त्यांनी बँड काढला. एतिएन गिटार वाजवी आणि गाई, ल्यूक ड्रम वाजवी. १९९४ची पहिली कॅसेट म्हणजे निव्वळ घाई. १९९६च्या वसंतात ल्यूक रस्त्यावरच्या अपघातात गेला आणि उन्हाळ्यात दुसरी कॅसेट निघाली; उज्ज्वलला सापडलेली ती हीच. तीत सगळे काही खाली उतरलेले, जड झालेले आहे. वेष्टनावर वादकांची नावे नाहीत, म्हणून ड्रम ल्यूकनंतर कोणा दुसऱ्याने वाजवले असे उज्ज्वलने धरले होते. १९९९मध्ये भाड्याच्या स्टुडिओत केलेली पहिली तबकडी आली, तीही तितकीच खोल. २००४मध्ये निवृत्त खाणकामगारांचे समूहगान गिटारीच्या मागे आले. २०११मध्ये ड्रम जवळजवळ नाहीसे झाले. २०१९च्या शेवटच्या तबकडीत एकटी गिटार आहे आणि मध्ये मध्ये बराच वेळ काहीच नाही.

उज्ज्वलच्या पुस्तकाचा कणा एकच होता: हा सारा प्रवास त्या दुसऱ्या कॅसेटपासून सुरू होतो, आणि ती अशी आहे कारण भाऊ गेला. तो लिहितो, ‘माणूस शोकात हळू बोलतो. या कॅसेटमध्ये एक बँड पहिल्यांदा हळू बोलतो.’ वडिलांचा उल्लेख पुस्तकात कोठेही नव्हता. त्याची गरज नव्हती. निदान मला तरी ते वाक्य कोणाविषयी आहे हे माहीत होते.

हायडेलबर्गच्या एका लहान प्रकाशनसंस्थेच्या फ्राऊ लिंडनर यांनी हस्तलिखित स्वीकारले. नोव्हेंबर २०२३मध्ये तेथील एका पुस्तकाच्या दुकानात त्यातील एक प्रकरण वाचायचे ठरले. उज्ज्वलने मला सर्व मुद्रणांच्या प्रती पाठवल्या.

“आलेख काढून दे,” तो फोनवर म्हणाला. “पुस्तकात छापायचेत. तुझ्या मोटारींसारखे रंगीत नकोत, नीट काळे-पांढरे दे.”

“यात आवाजापेक्षा खरखर जास्त आहे.”

“आल्झो, मग ती खरखर तूच मोज. तुला पगार त्याचाच मिळतो ना?”

वाचनाच्या तीन आठवडे आधी, एका शनिवारी दुपारी मी ते काम केले. पहिल्या कॅसेटवर गुणगुण पन्नासवर होती. दुसऱ्या कॅसेटवर तो सुळका सत्तेचाळीस पूर्णांक दोनवर होता, आणि पन्नासवर आणखी एक, अगदी अंधूक. अर्थ सरळ होता. मूळ मुद्रण नेहमीच्या वेगाने झाले होते, परंतु प्रती काढताना मूळ फीत वाजवणारा डेक हळू फिरत होता. अंधूक सुळका प्रत काढतानाच्या विजेचा. डेक साडेपाच टक्क्यांहून थोडा अधिक मागे पडला होता, आणि एवढ्या फरकाने कोणतेही संगीत बरोबर अर्ध्या स्वराने खाली येते. मी फीत संगणकात योग्य वेगाने फिरवली. जडपणा गेला. ऐकू आली ती पहिल्या कॅसेटचीच स्वरपट्टी, पहिल्या कॅसेटचाच घाईतला ड्रमर. म्हणजे हा ड्रमर ल्यूकच होता, आणि मुद्रण त्याच्या मृत्यूपूर्वीचे. वाजवणाऱ्यांना तेव्हा कसलाही शोक नव्हता.

माझी पत्नी कौमुदी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. मी तिला बोलावून आलेख दाखवला.

“म्हणजे त्याचं ते मुख्य वाक्यच चुकलं?”

“वाक्य नाही. वाक्यामागचं कारण.”

“आत्ता फोन कर त्याला.”

“वाचनाच्या दिवशी विचारीन. आमचा नियम आहे.”

“अरे, तो तुमच्या होस्टेलचा नियम. तिथे पंचवीस पोरं बसायची आणि नंतर सगळे मिळून भजी खायची. इथे त्याची प्रकाशक बसणार आहे.”

“उज्ज्वलला आवडेल. अकरा-नऊचं अकरा-दहा होईल.”

“कोणाला आवडेल?” कौमुदीने विचारले आणि ती इस्त्रीकडे परत गेली.

मी फोन केला नाही. मधल्या एका रविवारी आम्ही दोघे उज्ज्वलकडे जेवायलाही गेलो. त्याची बायको प्रिया हिने वडाभात केला होता. उज्ज्वल मला पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे तीन नमुने दाखवत होता आणि मी मधल्याला पसंती दिली. कौमुदीने जेवताना माझ्याकडे एकदाच पाहिले. त्या दिवशी मी नियमाचा आदर करत होतो, असे मी स्वतःला सांगितले. आज ते तपासून पाहता मला त्यात आदर फारसा सापडत नाही. आपल्याकडे अचूक उत्तर आहे आणि समोरच्याला ते माहीत नाही, या अवस्थेची एक चव असते. मला ती तीन आठवडे पुरवायची होती.

वाचन रविवारी दुपारी झाले. दुकानाच्या मागच्या खोलीत तीसेक खुर्च्या भरल्या होत्या. प्रियाने दोन डबे चिवडा आणला होता आणि एक म्हातारे जर्मन गृहस्थ तो काट्याने उचलण्याचा चिकाटीने प्रयत्न करत होते. उज्ज्वलने चांगले वाचले. त्याची जर्मन माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. ‘माणूस शोकात हळू बोलतो’ या वाक्यानंतर त्याने कॅसेटचा एक मिनिटाचा तुकडा वाजवला, आणि एरवी अशा आवाजाने उठून गेली असती अशी माणसेही स्तब्ध बसली. मीही बसलो. तो तुकडा मला त्या क्षणी सुंदर वाटला हे नोंदवणे भाग आहे.

मग प्रश्न मागवण्यात आले आणि मी हात वर केला. उज्ज्वलच्या चेहऱ्यावर वाचनालयातले जुने हसू आले.

“आला,” तो मराठीत म्हणाला. “विचार.”

मी जर्मनमध्ये विचारले. पन्नास हर्ट्झ, सत्तेचाळीस पूर्णांक दोन, भागाकार, अर्धा स्वर. दोन मिनिटांत सगळे मांडले. इतके स्पष्ट मी कंपनीतही कधी बोललो नसेन. तेथे थांबलो असतो तरी चालले असते. पण श्रोते ऐकत होते, आणि मी शेवटी म्हणालो, “तेव्हा प्रश्न असा, की हा शोक भावाचा आहे, की डेकमधल्या सैल झालेल्या रबरी पट्ट्याचा?”

खोली हसली. जर्मन माणसे सभेत सहसा मोठ्याने हसत नाहीत, ही हसली. फ्राऊ लिंडनर यांनी वहीत काहीतरी लिहिले. उज्ज्वल पुढच्या कागदाकडे बघत उभा राहिला.

“गेनाऊ,” तो म्हणाला. म्हणजे ‘अगदी बरोबर’; पण जर्मन माणूस हा शब्द बोलता बोलता पुढचे वाक्य जुळवण्यासाठीही वापरतो. उज्ज्वलचे पुढचे वाक्य आले नाही. मग त्याने विचारले, “आणखी कोणाचा प्रश्न?”

कोणाचाच नव्हता.

लोक गेल्यावर तो ध्वनिक्षेपकाची तार गुंडाळत होता. मी जवळ गेलो.

“चल, चहा.”

“इथे चहा मिळत नाही, हृषी.”

“कोपऱ्यावर आहे एक—”

“मिळत नाही म्हटलं ना.”

प्रिया चिवड्याचे डबे पिशवीत भरत होती. ती थांबली. “दादा, हे तुम्हाला कधी कळलं?”

“तीन आठवडे झाले.”

“तीन आठवडे,” ती म्हणाली. “म्हणजे आमच्याकडे जेवलात तेव्हा ठाऊक होतं. भात दोनदा घेतलात तुम्ही.”

“प्रिया, राहू दे,” उज्ज्वल म्हणाला.

“राहू कसं दे? मुखपृष्ठ निवडून दिलं यांनी!”

फ्राऊ लिंडनर यांची मागणी फार मोठी नव्हती. ते प्रकरण दुरुस्त करून द्यावे, पुस्तक सहा महिने पुढे ढकलू, असे त्यांनी कळवले. उज्ज्वलने संपूर्ण हस्तलिखित मागे घेतले. पुढच्या वसंतात त्याला हॅनोव्हरमध्ये नोकरी मिळाली आणि ते तिकडे गेले. सामान हलवायला मी येऊ का, असे मी विचारले होते. माणसे ठरली आहेत, असे उत्तर आले. भांडण असे झालेच नाही. दिवाळीला आणि चौदा एप्रिलला संदेशांची देवाणघेवाण चालू राहिली.

मार्च २०२५मध्ये मी एतिएनला भेटलो. माझा हेतू नीट सांगतो. मला क्षमा मागायची नव्हती. मला पुरावा हवा होता. तो डेक, तो पट्टा प्रत्यक्ष सापडला, तर उज्ज्वल वस्तुस्थिती शांतपणे स्वीकारील आणि आमच्यातला अवघडलेपणा संपेल, असा माझा कयास होता. सिद्ध झालेल्या गोष्टीचे माणसाला वाईट वाटत नाही, या समजुतीवर मी बरीच वर्षे जगलो आहे.

एतिएन रोज सीमा ओलांडून झारब्र्युकेनला कामावर येतो. तेथील ट्रामच्या कार्यशाळेत तो मेकॅनिक आहे. पन्नाशी ओलांडलेला, डोके तुळतुळीत, नखांत ग्रीस. दुपारच्या सुट्टीत तो मला स्थानकासमोरच्या बेकरीत भेटला. मी आलेख टेबलावर ठेवला. त्याने तो उलटा फिरवून पाहिला आणि मान डोलावली.

“बरोबर. दोन डेक होते. वाजवणारा माझ्या काकांचा, रेकॉर्ड करणारा माझा. काकांच्या डेकचा पट्टा ढिला होता.”

“म्हणजे मुद्रण आधीचं?”

“फेब्रुवारीतलं. ल्यूक होता तेव्हा. प्रती मी जूनमध्ये काढल्या. साठ प्रती, स्वयंपाकघरात बसून.”

मी लिहून घेत होतो. मला हवे ते सर्व मिळाले होते. केवळ नोंद पूर्ण असावी म्हणून मी विचारले, “पट्टा ढिला आहे हे तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच प्रतीला.”

“पहिल्या?”

“मी मेकॅनिक आहे, साहेब. तेव्हाही होतो. पट्टा बदलायला दहा मिनिटं लागतात. नवा पट्टा खणात पडला होता.” त्याने कॉफीचा कप बाजूला सरकवला. “ल्यूक नेहमी पुढे पळायचा. प्रत्येक गाण्यात. आम्ही त्यावरून भांडायचो. ती प्रत ऐकली, तर तो पहिल्यांदाच घाईत नव्हता. मी खण बंद केला.”

मी काही लिहिले नाही.

“नंतर गिटारीच्या सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या. त्या कॅसेटशी जुळायला हव्यात म्हणून. परत कधी चढवल्या नाहीत.” मग तो म्हणाला, “तुमच्या त्या मित्राने मला दोन पत्रं लिहिली होती, फार पूर्वी. विचारलं होतं, कॅसेट इतकी जड मुद्दाम केलीत का? स्वतःच्या वडिलांबद्दलही लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? पट्टा ढिला होता म्हणून?”

त्या संध्याकाळी मी जुना तक्ता उघडला. विजेच्या गुणगुणीचा रकाना सहाही मुद्रणांसाठी भरलेला होता. १९९९च्या स्टुडिओतल्या तबकडीसमोर ‘५०.०’ असे मीच लिहिले होते. स्वरपट्टीचा रकाना मात्र पहिल्या दोन ओळींपुरताच भरलेला, खाली रिकामा. मी तो भरायला बसलो. १९९९: अर्धा स्वर खाली. २००४: अर्धा स्वर खाली. शेवटपर्यंत तेच. फीत योग्य वेगाने फिरत असूनही गिटार खालीच राहिली होती, म्हणजे कोणीतरी ती ठरवून खाली ठेवली होती. हे काढायला मला चाळीस मिनिटे लागली. दीड वर्षापूर्वीही तेवढीच लागली असती. पण तेव्हा दुसऱ्या ओळीला मला उत्तर सापडले होते, आणि हवे ते उत्तर सापडल्यावर मोजणे थांबवायचे नसते, हे मी कंपनीत नव्या मुलांना शिकवतो.

मे महिन्यात मी हॅनोव्हरला गेलो. दार प्रियाने उघडले. तिने मला आत घेतले, पाणी दिले आणि “चहा ठेवते” म्हणून ती आत गेली. ‘दादा’ म्हणाली नाही. उज्ज्वल जाड झाला होता. आम्ही बाल्कनीत बसलो. मी त्याला सर्व क्रमाने सांगितले: स्वयंपाकघर, साठ प्रती, खणातला नवा पट्टा, उतरवलेल्या तारा. पूर्ण भरलेला तक्ता त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो सवयीने वरपासून खालपर्यंत नीट वाचला.

“म्हणजे माझं बरोबर होतं,” तो म्हणाला.

“हो. मुद्रण कधीचं याबाबत तू चुकला होतास. कारणाबाबत बरोबर होतास.”

“आणि तू?”

“वेगाबाबत बरोबर. बाकी अपुरा.”

“अपुरा!” तो हसला, पण खेळीमेळीने नव्हे. “छान शब्द आहे. पेपरात शोभेल.”

“मी चुकलो, उज्ज्वल. तेव्हाच फोन करायला हवा होता.”

“फोन केला असतास तर काय झालं असतं सांगू? मी दोन दिवस चिडलो असतो. मग आपण दोघंच गेलो असतो झारब्र्युकेनला. तो खणाची गोष्ट मला सांगत असताना तिथे मी असतो.”



“पुस्तक परत दे त्यांना,” मी म्हणालो. “मी लिंडनरबाईंना लिहितो. आता ते प्रकरण पहिल्यापेक्षा भक्कम आहे.”

“हृषी, मला ती कॅसेट आता ऐकता येत नाही.”

“म्हणजे?”

“लावली की ती गुणगुण ऐकू येते. आधी बारा वर्षं कधी आली नव्हती. आता गिटारीच्या आधी तीच येते. मी वाट बघतो, ती मागे हटेल म्हणून. नाही हटत.” त्याने तक्ता दुमडून माझ्याकडे दिला. “जे ऐकू येत नाही त्याच्यावर कसं लिहू?”

मी म्हणालो की ही अवधानाची बाब आहे, सवयीने कान पुन्हा दुर्लक्ष करायला शिकतात, यावर अभ्यास झालेले आहेत. तो ऐकून घेत होता. प्रियाने चहा आणून ठेवला. वाक्य अर्धे सोडून मी कप उचलला.

“निदान आपण दोघं मिळून लिहू,” मी निघताना म्हणालो. “छोटा निबंध. ध्वनिशास्त्राच्या अधिवेशनाला पाठवू. तुझं नाव पहिलं.”

“तू लिही. मोजमाप तुझं आहे.”

“आणि गोष्ट?”

“ती एतिएनची आहे.”

निबंध मी लिहिला. चार पानांचा आहे: सदोष फितींचा वेग विजेच्या गुणगुणीवरून ठरवण्याची पद्धत आणि तिच्या मर्यादा. उदाहरण म्हणून एका फ्रेंच संगीतसमूहाची सहा मुद्रणे घेतली आहेत. मर्यादांचा भाग मी सर्वांत काळजीपूर्वक लिहिला. परीक्षकांनी तोच अनावश्यक लांब असल्याचे म्हटले. निबंध स्वीकारला गेला. लेखक एकच. ऋणनिर्देशात मी उज्ज्वल खोब्रागडे यांच्या बारा वर्षांच्या संशोधनाचा उल्लेख केला आणि मसुदा त्याला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आले. मजकूर तपासला, एका ठिकाणी सालाची चूक आहे, ती दुरुस्त कर. आणि माझे नाव कृपया काढ.

सालाची चूक खरोखरच होती. ती मी दुरुस्त केली. मग त्याचे नाव काढले आणि निबंध पाठवून दिला.